उणे साठ्याचा खेळ आणि उजनीचा हिशेब

डाळज (ता. इंदापूर) : संस्कृती उभारणीच्या संगणकीय खेळांची लोकप्रियता तीन दशकांनंतरही ओसरलेली नाही. सिड मायर यांचा 'सिव्हिलायझेशन' 1991 मध्ये आला आणि त्याची सातवी आवृत्ती फेब्रुवारी 2025 मध्ये. अशा खेळाचा प्राण असतो संसाधने आणि उत्पादन यांच्या साखळीत. ती कशी रचावी, याचा धडा घ्यायचा असेल तर पुणे-सोलापूर महामार्गावरील डाळजइतके बोलके ठिकाण क्वचितच सापडेल. एका बाजूला उजनीचा फुगवटा, दुसऱ्या बाजूला ऊस आणि भोवती साखर कारखाने.

1997 च्या 'एज ऑफ एम्पायर्स'मध्ये अन्न, लाकूड, दगड आणि सोने ही चार संसाधने होती. सोन्याची खाण संपली की संपली. खेळाडूला पर्याय आधीच शोधावा लागे. उजनीचे गणित याहून गुंतागुंतीचे आहे. धरणाची एकूण क्षमता सुमारे 117 टीएमसी. त्यापैकी उपयुक्त साठा 53.57, तर मृत साठा 63.66 टीएमसी. म्हणजे 'मृत' पाणी 'जिवंत' पाण्यापेक्षा अधिक! साठा शून्य टक्के झाला तरी पाणी दिसते, मोटारी चालतात. 2023 चा पावसाळा अपुरा ठरला, जानेवारी 2024 मध्येच धरण उणेत गेले आणि उन्हाळ्याअखेर उणे 50 टक्क्यांच्याही खाली उतरले. पळसदेवचे जुने मंदिर पाण्याबाहेर आले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये धरण पुन्हा भरले. संकट विसरण्यास तेवढे पुरेसे ठरते.

खेळाच्या रचनाकाराने येथून पहिली गोष्ट घ्यावी ती विलंबाची. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टमध्ये लावला की तोडणीस सोळा ते अठरा महिने लागतात. लागवडीच्या वेळी भरलेले धरण तोडणीच्या वेळी भरलेले असेलच, याची हमी कोणीही देत नाही. चूक आज होते, किंमत दीड वर्षाने मोजावी लागते.

दुसरी गोष्ट मध्येच बदलणाऱ्या नियमांची. उसापासून साखर करायची की इथेनॉल, हा निर्णय कारखान्याच्या एकट्याच्या हाती नसतो. डिसेंबर 2023 मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल निर्मितीवर निर्बंध आणले, नंतर अंशतः शिथिल केले आणि पुढील हंगामासाठी ऑगस्ट 2024 मध्ये उठवले. मात्र ऊस पुरविल्यापासून 14 दिवसांत उत्पादकास पैसे देण्याचे 1966 च्या आदेशातील बंधन कायम राहिले. उत्पन्न अनिश्चित आणि देणे निश्चित, हा ताण खेळात आणता आला तर खेळाडूला कारखानदारी कळेल.

तिसरी गोष्ट वाटपाची. विसाव्या शतकाच्या आरंभी विश्वेश्वरय्या यांनी नीरा कालव्यासाठी गट पद्धत सुचविली. क्षेत्राचे गट पाडायचे, गटाच्या मर्यादित भागातच ऊस घ्यायचा, उरलेल्या भागात कमी पाण्याची पिके घेऊन फेरपालट करायची. पाणी किती आहे यापेक्षा ते किती जणांपर्यंत पोचते, हा त्यामागचा विचार होता. बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात सुचलेली ही रचना आजही कोणत्याही खेळाच्या नियमपुस्तिकेत शोभेल.

बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साह्याने ऊसशेतीचा प्रयोग अलीकडे केला, तो स्वागतार्हच आहे. एका एकरातील पाणी त्यातून वाचू शकते. पण वाचलेले पाणी दुसऱ्या एकरातील उसालाच गेले, तर धरणाच्या हिशेबात फरक काय पडला? तंत्रज्ञान मिळाले की अडचण संपते, असे बहुतेक खेळ शिकवितात. उजनीकाठचा अनुभव वेगळा आहे. येथे मर्यादा तंत्रज्ञानाने नव्हे, नियमाने पाळावी लागते.

पडद्यावरचा डाव फसला तर तो पुन्हा मांडता येतो. धरणासाठी जमिनी गेलेल्या आणि आता त्याच पाण्यावर ऊस पिकविणाऱ्या गावांना ती सोय नाही. म्हणूनच उणे साठ्याचा आकडा भरल्या धरणाच्या वर्षीच विचारात घ्यायला हवा.