बारीक केस आणि तेलाचा डबा

मंडळी, केस बारीक आणि सरळ असले की आपल्याकडे एकच औषध: चापूनचोपून तेल! सोनईसारख्या गावात तर तेलाला मानच वेगळा. जवळच शनिशिंगणापूर, तिथे शिळेवर तेल. घरी पोरीच्या डोक्यावर तेल. देवाचं सोडा, डोक्याचं बोलू.

केसाची जाडी मुळाशी ठरते आणि ती बरीचशी आनुवंशिक असते. तेल ओतून केस जाड होत नाही. उलट सरळ केसावरून टाळूचं स्वतःचं तेलच भरभर खाली उतरतं. त्यावर आणखी थापलं की केस चपटे!

मग आजी चुकली का? नाही. २००३ साली मॅरिकोच्या संशोधकांनी दाखवलं की खोबरेल केसात मुरतं आणि प्रथिनांची झीज कमी करतं. सूर्यफुलाच्या तेलाला ते जमत नाही. (हीच कंपनी पॅराशूट विकते, हे लक्षात ठेवून वाचा :-)) म्हणजे तेल केस जपायला आहे, दाट करायला नाही. न्हाण्याआधी, थोडंसंच लावा.

केस फुगीर दिसायला हवेत? कंडिशनर फक्त टोकांना लावा, केस खांद्यापर्यंतच ठेवा, अधूनमधून भांग बदला, डोकं खाली करून वाळवा. फुकटात काम होतं.

केस अचानक मूठमूठ गळायला लागले तर मात्र बाटली बदलू नका, डॉक्टरांना विचारून हिमोग्लोबिन, थायरॉइड तपासा. 'उंदराची शेपटी' म्हणून पोरीच्या वेणीला हसत बसलं, की नेमकं हेच तपासायचं राहतं.