टायरला वाली कोण?

नवी मोटार विकणाऱ्या कंपन्यांना आमचा एकच सवाल आहे. कारखान्यातून जे टायर तुम्ही गाडीला चढवून पाठवता, ते किती किलोमीटर चालतील? 'रस्त्यावर अवलंबून आहे', 'चालवणाऱ्याच्या हातावर अवलंबून आहे' हे उत्तर नव्हे, ही पळवाट आहे. आणि ती पळवाट तुमच्याच जाहिरातींनी बुजवून टाकली आहे! लिटरमागे गाडी किती धावेल हेही रस्त्यावर आणि हातावरच अवलंबून असते. तरीही तो आकडा तुम्ही पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून प्रमाणित करून घेता, दशांशचिन्हापुढची दोन घरे मोजून छापता आणि पानभर जाहिरातीत मिरवता. ॲव्हरेज सांगता येते, पण टायरचे आयुष्य सांगता येत नाही! हे अज्ञान म्हणायचे? आम्ही याला लबाडी म्हणतो.

एकाचे टायर पन्नास हजारांवर जातात, दुसऱ्याचे तिशीतच गोटा होतात. दुसरा बिचारा स्वतःच्या ड्रायव्हिंगला दोष देत दुकानाची पायरी चढतो. त्याला कुणी सांगत नाही, की गाडीबरोबर आलेला टायर निवडताना त्याच्या खिशाचा विचार सर्वांत शेवटी झाला होता. आधी आला खरेदी खात्याचा भाव. मग आली टेस्ट ड्राइव्हची दहा-पंधरा मिनिटे, ज्यात गाडी मऊ आणि मुकाट चालली पाहिजे. आणि सर्वांवर स्वार झाला तो इंधनाचा आकडा. टायर फिरताना रबर दबते, सुटते, तापते आणि त्यात इंधन वाया जाते. ही गळती कमी करायचा सोपा मार्ग म्हणजे रस्त्याला लागणारा रबराचा थर पातळ ठेवणे किंवा रबराचे मिश्रण बदलणे. तसे केले की ॲव्हरेज वाढते, पण ओल्या रस्त्यावरची पकड किंवा टायरचे आयुष्य यांतले काहीतरी घटते. तिन्ही एकदम साधायचे तर महाग रसायने लागतात, आणि तो खर्च कोण करणार? कंपन्यांच्या सरासरी इंधनवापरावर २०१७ पासून सरकारी मर्यादा आली, २०२२ पासून ती आणखी आवळली गेली. ती पाळण्यासाठी केलेल्या काटकसरीचा एक वाटा ग्राहकाच्या टायरमधून वसूल होतो, आणि त्याची पावती त्याला कधीच मिळत नाही.

बाजारातून त्याच नावाचा टायर घेतला तर तो कारखान्याच्या टायरसारखाच असेल, याचीही शाश्वती नाही. मर्सिडीजसाठी घडवलेल्या टायरवर 'एमओ' असते, बीएमडब्ल्यूच्या टायरवर तारा असतो. आठ लाखांची गाडी घेणाऱ्याच्या नशिबी तेवढी खूणही नाही. त्यातही तो खालचे मॉडेल घेणारा असेल, तर वरच्या मॉडेलला १८५ मिलिमीटर रुंदीचा टायर आणि याला १६५चा, असाही प्रकार चालतो. माणसे तीच पाच, सामान तेच, कसारा घाटही तोच!

आता वॉरंटी पाहा. शोरूममध्ये तीन वर्षे, एक लाख किलोमीटरचा डंका पिटला जातो. पुस्तिका उघडा. टायर आणि बॅटरी त्या वॉरंटीत नाहीत. त्यांच्यासाठी ज्याच्या त्याच्या उत्पादकाकडे जा. टायरवाला म्हणतो, बनावटीतला दोष असेल तरच बोला, आणि दोष निघालाच तर झिजलेल्या रबराचे पैसे कापून उरलेले देऊ. विमावाल्याकडे जा. प्रचलित पॉलिसीत नुसता टायर गेला तर छदाम नाही. गाडीचेही नुकसान झाले असेल तर नव्या टायरची निम्मी किंमत. वरातीत नाचायला सगळे पुढे, बिल आले की मांडव रिकामा! त्यात जुलै २०२० मध्ये नियम बदलून, ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर किट असेल तर स्टेपनीही गाळायची मुभा मिळाली. बाजूने फाटलेला टायर त्या किटने जुळत नाही, हे मुभा देणाऱ्यांना ठाऊक नव्हते काय?

कायदा धरतो तो मालकालाच. टायरवरची नक्षी १.६ मिलिमीटरखाली गेली की गाडी रस्त्यावर चालवण्यास नालायक. समृद्धी महामार्गावर अपघातांची रांग लागली तेव्हा २०२३ मध्ये परिवहन खात्याने गोटा टायरच्या गाड्या अडवून परत धाडल्या. बरे केले, गुळगुळीत टायरवर १२०चा वेग म्हणजे आत्महत्या आणि सोबत दुसऱ्याचा खून. पण टायर झिजला म्हणून मालकाला अडवणारे सरकार, तो किती चालायला हवा होता हे बनवणाऱ्याला विचारत नाही!

विचारण्याची संधी नव्हती असेही नाही. जून २०२२ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने टायरसाठी नवे निकष अधिसूचित केले: फिरतानाचा अवरोध, ओल्या रस्त्यावरची पकड आणि आवाज. तिन्ही हवेतच. मग चौथा, झिजेचा निकष कुठे अडला? अमेरिकेत मोटारीच्या टायरवर झिजेचा तुलनात्मक आकडा कोरणे कित्येक वर्षे सक्तीचे आहे. तो कंपनी स्वतःच ठरवते, त्यामुळे तो वेदवाक्य नव्हे; पण छापलेल्या आकड्यावरून जाब विचारता येतो. युरोपीय संघाने २०२४च्या नियमावलीत टायरच्या झिजेलाच मर्यादा घालायचे ठरवले. भारतात बनलेले टायर अमेरिकेला जातात ते तो आकडा अंगावर घेऊनच. म्हणजे मोजता येते, कोरताही येते. परदेशी गिऱ्हाईकाला जे कळते ते चाकणच्या आणि वाळूजच्या गिऱ्हाईकाला कळू नये, हा कुठला न्याय?

आमचा ग्राहकही धुतल्या तांदळाचा नाही. महिनोन् महिने हवा न तपासणारे, अलाइनमेंट म्हणजे गॅरेजवाल्याची लूट समजणारे महाभाग आमच्याकडे मुबलक आहेत. कमी हवेने कडा झिजतात, जास्त हवेने मधला पट्टा, आणि अलाइनमेंट बिघडली की एकच बाजू. पण ग्राहकाच्या आळसामागे कंपनीने लपावे, हे आम्हाला मान्य नाही.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ वस्तूची गुणवत्ता आणि दर्जा जाणून घेण्याचा हक्क देतो. तो हक्क टायरला लागू होत नाही असे कुठेही लिहिलेले नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने आणि रस्ते मंत्रालयाने कारखान्याच्या टायरचे अपेक्षित आयुष्य, चाचणीच्या अटींसह, ॲव्हरेजच्या शेजारी त्याच टाइपात छापायला लावावे. मुंबई ग्राहक पंचायतीने हा प्रश्न हाती घ्यावा. आणि वाचकहो, गाडी ताब्यात घेताना चारही टायरवरच्या निर्मिती-क्रमांकाचे शेवटचे चार अंक वाचा: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. मग हे टायर किती चालतील ते लेखी मागा. सेल्समन हसला तर हसू द्या. उत्तर मिळेपर्यंत उरलेली रक्कम खिशातच ठेवा.