‘मायाबाजार’ला नाक मुरडणारे

१९५७ या वर्षाचा उल्लेख निघाला की आपल्याकडचे चित्रपट-अभ्यासक हटकून तीन नावे घेतात : ‘प्यासा’, ‘मदर इंडिया’ आणि ‘दो आँखें बारह हाथ’. तिन्ही चित्रपट थोरच आहेत, त्याविषयी वाद नाही. परंतु त्याच वर्षी, २७ मार्च रोजी, मद्रासच्या विजया प्रॉडक्शन्सचा ‘मायाबाजार’ प्रदर्शित झाला. पुढील काही आठवड्यांतच त्याची तामिळ आवृत्तीही पडद्यावर आली. आंध्रात आजी, मुलगी आणि नात अशा तीन पिढ्यांनी तो पाहिला, पाठ केला. या चित्रपटाची बोळवण मात्र ‘प्रादेशिक पौराणिकपट’ या दोन शब्दांत झाली. २०१३ साली भारतीय चित्रपटाच्या शताब्दीनिमित्त सीएनएन-आयबीएन या इंग्रजी वृत्तवाहिनीने मतचाचणी घेतली आणि प्रेक्षकांनी सर्वश्रेष्ठ भारतीय चित्रपट म्हणून कौल दिला तो ‘मायाबाजार’ला! ज्यांनी आयुष्यभर चित्रपटावर लिहिले, त्यांच्यातल्या अनेकांना त्या दिवशी प्रथमच या नावाची चौकशी करावी लागली असेल. मतचाचणीने कलाकृतीचे मोल ठरत नाही हे मान्य. पण प्रेक्षक आणि पंडित यांच्यात केवढी दरी पडली आहे, हे तिने दाखवून दिले.

ही दरी आपोआप पडलेली नाही. स्वातंत्र्यानंतर चित्रपट-रसास्वादाची सूत्रे ज्यांच्या हाती गेली, त्या डाव्या वळणाच्या बुद्धिजीवींनी एक समीकरण रूढ केले : वास्तववादी ते पुरोगामी आणि पौराणिक ते प्रतिगामी. एकदा हा चष्मा डोळ्यांवर चढला की पडद्यावर कृष्ण दिसताच समीक्षा संपते. दिग्दर्शन कसे आहे, संवाद कोणी लिहिले, छायाचित्रण कोणत्या तोडीचे आहे, हे पाहण्याची गरजच उरत नाही. गंमत अशी की हीच मंडळी १९५६ चा ‘द टेन कमांडमेंट्स’ आणि १९५९ चा ‘बेन-हर’ यांना अभिजात म्हणून गौरवतात. मोझेससाठी समुद्र दुभंगला तर ती चित्रभाषेची भव्यता. घटोत्कचाच्या मुखात लाडू आपोआप उडी घेऊ लागले तर मात्र ती अंधश्रद्धा!

मुळात ‘मायाबाजार’ची कथा व्यासांच्या महाभारतातली नाहीच. तिथे अभिमन्यूची पत्नी उत्तरा. बलरामाच्या कन्येचे अभिमन्यूवरचे प्रेम, दुर्योधनपुत्र लक्ष्मणाशी ठरलेला तिचा विवाह आणि घटोत्कचाने मायेने केलेले तिचे हरण हे सारे लोकमानसाने रचलेले आहे. तेलुगू रंगभूमीने तिला शशिरेखा म्हटले, महाराष्ट्राने वत्सला किंवा सुरेखा म्हटले. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी १९२१ साली ‘सुरेखाहरण’ काढला आणि त्यातच व्ही. शांतारामांनी प्रथम भूमिका केली. म्हणजे कृष्णाकाठ आणि कोल्हापूर यांना जोडणारी ही गोष्ट गावोगावच्या कथेकऱ्यांनी आणि नाटकमंडळ्यांनी घडविली. हिंदू परंपरा एका ग्रंथात कोंडलेली, कर्मठ, वरून लादलेली आहे असे सांगणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे. ज्या समाजाला आपल्या महाकाव्यात नवी पात्रे घालण्याचे, देवाची थट्टा करण्याचे स्वातंत्र्य आहे, तो समाज बंदिस्त कसा?

आणि या कथेचा नायक कोण? चित्रपटभर पांडव एकदाही पडद्यावर येत नाहीत. दिग्दर्शक के. व्ही. रेड्डी आणि लेखक पिंगळी नागेंद्रराव यांचे हे धाडस आजही थक्क करणारे आहे. द्यूतात राज्य गेले, दारिद्र्य आले आणि सख्ख्या आत्याच्या मुलाला मुलगी द्यायला बलरामाची पत्नी रेवती तयार होईना. लहानपणी दिलेला शब्द श्रीमंतीच्या मोहापायी मोडला गेला. (ही गोष्ट द्वापरयुगातलीच वाटते का? विवाहमंडळांच्या नोंदवह्यांत पगाराचा रकाना आधी वाचणाऱ्या घरांनी हे दृश्य जरा सावकाश पाहावे.) अशा वेळी धावून येतो तो वनात राहणारा हिडिंबेचा पुत्र. सुभद्रा मुलाला घेऊन अरण्यात शिरते, घटोत्कच आधी वाट अडवतो आणि ओळख पटताच नतमस्तक होतो. राजवाड्यातले नातलग पाठ फिरवतात आणि अरण्यातला भाऊ भावासाठी उभा राहतो. कुरुकुळातला राजपुत्र मात्र विदूषक ठरतो. सामाजिक समरसतेवर परिसंवाद घेणाऱ्यांनाही इतके स्वच्छ उदाहरण सहसा सापडत नाही. उच्चवर्णीयांचे वर्चस्व जपणारी कला म्हणून पौराणिकपटाला हिणवणाऱ्यांनी चित्रपट पाहण्याचे कष्ट घेतले असते, तर हा आरोप त्यांच्या ओठांवर आला नसता.

तो काळही लक्षात घेतला पाहिजे. मद्रास प्रांतात तेव्हा द्रविड चळवळीचा जोर होता. १९५३ मध्ये पेरियार रामस्वामी नायकरांनी गणेशमूर्ती फोडण्याची मोहीम चालवली, १९५६ मध्ये प्रभू रामचंद्रांच्या प्रतिमा जाळण्याची. करुणानिधींच्या लेखणीतून उतरलेला ‘पराशक्ती’ १९५२ सालीच येऊन गेला होता आणि त्याने देवळातल्या पुजाऱ्याला खलनायक केले होते. त्याच मद्रासमध्ये, त्याच काळात, वाहिनी स्टुडिओत द्वारका उभी राहत होती. एन. टी. रामाराव यांनी मोरपीस धारण केले आणि आंध्रच्या घराघरांत कृष्णाचा चेहरा तोच झाला. ना मोर्चा, ना घोषणा. विटंबनेला उत्तर म्हणून हा चित्रपट काढला गेला असे कोणी म्हणणार नाही. पण जे कार्य शेकडो पत्रकांनी झाले नसते, ते त्याने केले.

त्याची कारागिरी तर स्वतंत्र लेखाचा विषय आहे. घटोत्कच शशिरेखेचे रूप घेतो, तेव्हा सावित्रीने मुलीच्या अंगात शिरलेला राक्षस ज्या चालीने, ज्या नजरेने दाखवला आहे, तो अभिनयाचा वस्तुपाठ आहे. एस. व्ही. रंगारावांचा घटोत्कच अजस्र आहे आणि लोभसही. नौकाविहाराच्या गीतातले चांदणे मार्कस बार्टले यांच्या कॅमेऱ्याने निर्माण केले. बार्टले अँग्लो-इंडियन होते. कृष्णाच्या द्वारकेवर चांदणे पसरताना त्यांना काही अडचण आली नाही आणि प्रेक्षकांनाही छायाचित्रकाराचा धर्म विचारावासा वाटला नाही. ही संस्कृती या मातीत राहणाऱ्या सर्वांची आहे, हे संघविचाराचे प्रतिपादन ज्यांना भाषणात पटत नाही, त्यांनी ते इथे चांदण्यात पाहावे.

टीकेची दुसरी बाजू मात्र आपल्याच घराकडे वळते. ‘मायाबाजार’चे निर्माते बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनीच जुलै १९४७ मध्ये ‘चंदामामा’ हे मुलांचे मासिक सुरू केले. मराठी घरांत ते ‘चांदोबा’ म्हणून आले आणि दोन-तीन पिढ्यांना विक्रम-वेताळ त्यानेच दिला. आज ते मासिक नाही. ते बंद पडताना किती घरांनी हळहळ व्यक्त केली आणि त्यांतल्या किती घरांनी त्याची वर्गणी भरलेली होती? देवदेवतांच्या विटंबनेविरुद्ध निवेदन द्यायला तहसील कचेरीत शंभर कार्यकर्ते जमतात, आणि ते जमलेच पाहिजेत. पण निवेदन देऊन झाल्यावर मुलांपुढे ठेवायचे काय? २०२३ मध्ये ‘आदिपुरुष’ आला. तंत्र अद्ययावत, भक्तीची जाहिरात भरपूर, आणि हनुमंताच्या तोंडी टपोरी पोरांची भाषा! लोकांच्या संतापामुळे संवाद बदलावे लागले. हे कृत्य कोणा डाव्या विद्वानाचे नव्हते. रामनाम घेतले की लेखकाला अभ्यासातून सूट मिळते, या समजुतीचे ते फळ होते. पिंगळींनी घटोत्कचाच्या दरबारासाठी नवे शब्द घडवले, आणि कोणी घडवल्याशिवाय शब्द जन्मतील कसे, असे त्या राक्षसाच्याच तोंडून विचारले. भाषेवर एवढी मेहनत घेणारा लेखक आज कोणत्या पौराणिक मालिकेला हवा आहे?

जतनाचीही तीच कथा. दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’चा अल्पसा भागच आज शिल्लक आहे. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि जुन्या चित्रपटांचा मोठा ठेवा भस्मसात झाला. एखाद्या ग्रंथालयाची राख झाली असती तर जो आक्रोश झाला असता, त्याचा शतांशही तेव्हा ऐकू आला नाही. तेलुगू समाजाने मात्र ‘मायाबाजार’ सांभाळला. हैदराबादच्या एका कंपनीने तो रंगीत करून जानेवारी २०१० मध्ये पुन्हा चित्रपटगृहांत आणला, आणि त्रेपन्न वर्षांच्या जुन्या चित्रपटाला तिकिटे काढून गर्दी झाली. पेंटरांचे ‘सुरेखाहरण’ पुन्हा दाखवावे असे कोल्हापुरात कोणाच्या मनात आले, तरी दाखवायचे काय? निदान ‘मायाबाजार’ला उत्तम मराठी उपशीर्षके देऊन मे महिन्याच्या सुट्टीत वस्त्यावस्त्यांतून, संस्कारवर्गांतून तो दाखवायला कोणत्याही शासकीय अनुदानाची वाट पाहावी लागणार नाही. तेलुगू आणि मराठी दोन्ही जाणणारी माणसे सोलापुरात घरोघरी आहेत.