पाच वाजल्यानंतरचे आनंद मोडक

आज सुरुवातीलाच एक क्विझ. गुगल बंद ठेवायचं, शेजारच्या क्युबिकलमध्ये बघायचं नाही.

मेलेला माणूस स्वतःच्याच मरणाचं कीर्तन करतो, ते नाटक. रुसलेल्या छोटीची समजूत काढायला अशोक सराफ चक्क स्वतःच्या आवाजात गातात, तो सिनेमा. दिलीप प्रभावळकरांचा गतिमंद नंदू. लक्ष्मीकांत बेर्डेला पहिल्यांदा सीरियसली घ्यायला लावणारा तमाशातला सोंगाड्या. आणि दादासाहेब फाळक्यांची ती धमाल फॅक्टरी. या पाचांमध्ये कॉमन काय?

नाही आलं? टेन्शन घेऊ नका. आमच्या ऑफिसात मी अकरा जणांना विचारलं. 'कळत नकळत' सगळ्यांनी पाहिलेला, 'चौकट राजा' बघताना निम्मे रडलेले, 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' तर एकाने तीनदा पाहिलेला. उत्तर मात्र शून्य जणांना आलं. उत्तर आहे आनंद मोडक. या पाचांचंही संगीत त्यांचं.

मोडकांचा जन्म १९५१चा, अकोल्याचा. आयुष्य गेलं पुण्यात. आणि आता तुमच्या-माझ्या कामाची माहिती: ते बँक ऑफ महाराष्ट्रात नोकरीला होते. म्हणजे मस्टर, रजेचे अर्ज, इयर एंडिंग हे सगळं सांभाळून हा माणूस संध्याकाळी नाटकांना, सिनेमांना आणि कवितांना चाली लावत होता.

हे वाचून तुमच्यातल्या काहींचं तोंड वाकडं होईल, मला माहितीये. कारण आपल्या डोक्यात एक पोस्टर चिकटलेलं आहे. खरा कलावंत म्हणजे जो राजीनामा बॉसच्या टेबलावर आपटतो, बॅग उचलतो आणि परत वळून बघत नाही. बाकीचे सगळे हौशी. वीकेण्डवाले. हे पोस्टर मला पहिल्यापासून डोक्यात जातं, आणि मोडक आठवले की जास्तच.

आता ते ज्या कंपूत आले तो बघा. १९७२ च्या डिसेंबरात पुण्यात भरत नाट्य मंदिरात 'घाशीराम कोतवाल' उभं राहिलं. नाटक तेंडुलकरांचं, संगीत भास्कर चंदावरकरांचं. वाद झाले, प्रयोग थांबले आणि १९७३ मध्ये या मंडळींनी स्वतःची 'थिएटर अॅकॅडमी' काढली. या मंडळींचे डे-जॉब्ज ऐका. दिग्दर्शक जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, प्रॅक्टिस दौंडला, म्हणजे पुण्यापासून सत्तर-ऐंशी किलोमीटर. नाना फडणवीस झालेले मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ. सतीश आळेकर बायोकेमिस्ट, नोकरी बी. जे. मेडिकलमध्ये. आणि संगीतवाला बँकेत. बॉस, यातला एकही जण नाटकाच्या पैशावर घर चालवत नव्हता!

माझं म्हणणं असं की त्यांच्या कामातली गंमत यातूनच आली. प्रयोग किती लागतील, हाऊसफुल्लचा बोर्ड झळकेल का, याचा महिन्याच्या किराण्याशी संबंध नसला की माणूस जरा वेगळ्या गोष्टींना हो म्हणतो. उदाहरणार्थ, आळेकरांचं 'महानिर्वाण'.

१९७४ चं हे नाटक. लेखक आणि दिग्दर्शक आळेकर, वय पंचवीसच्या आसपास. मोडक त्यांच्याहून दोनेक वर्षांनी लहान. म्हणजे आज आपल्याकडे ट्रेनी म्हणून जॉइन होणाऱ्या पोरांच्या वयाची जोडी. गोष्ट अशी: चाळीतले भाऊराव मरतात आणि उठून स्वतःच्या मरणाचं कीर्तन लावतात. जुनं स्मशान बंद झालंय, पण भाऊरावांचा हट्ट की जळायचं तर तिथेच. पोरगा नाना हैराण. भाऊरावांच्या भूमिकेत चंद्रकांत काळे, गाता गळा आणि चेहऱ्यावर शुद्ध मिस्कीलपणा.

आता तुम्ही संगीतकार आहात असं समजा. तुमच्या हातात हे स्क्रिप्ट पडलं. पहिला मोह काय होईल? गाणी विनोदी करायची. भजनाचा बाज घ्यायचा, मध्येच ट्रम्पेट टाकायचा, लोकांना हसवायचं. इथंच माणसाची लायकी कळते. कीर्तनाचा साचा पक्का असतो: आधी पूर्वरंगात निरूपण, मग उत्तररंगात आख्यान, सोबत पेटी, झांजा, अधूनमधून अभंग नाहीतर आर्या. आपल्या आज्यांना तो झोपेतही पाठ होता. 'महानिर्वाण'मध्ये तो साचा मोडलेला नाही, सरळ वापरलाय. चाल बिचारी प्रामाणिकपणे देवळातली आहे आणि तिच्या अंगावर जे शब्द येतात ते तिरके, काळे, चावट. हसू येतं ते त्या दोघांच्या भांडणातून. चालीनेही डोळा मारला असता तर सगळंच फुस्स झालं असतं. पंचविशीच्या आतल्या संगीतकाराला एवढा कंट्रोल? स्वतःची चमक दाखवायच्या वयात? मला याचं जाम कौतुक आहे.

आणि या नाटकात संगीत काढून बाजूला ठेवता येत नाही. गाणी मध्ये पेरलेली नाहीत, नाटकच गातं. म्हणजे चाल लेखनाचा भाग, नटाच्या श्वासाचा भाग, उभं राहण्याचा भाग. हे घरी बसून, पेटीवर चाल बांधून, रेकॉर्ड करून पाठवण्याचं काम नाही. तालमीत रोज बसावं लागतं. रोज. आपल्याकडे कोलॅबरेशन म्हणजे तुझा ट्रॅक मला मेल कर, मी माझा चढवतो, मग दोघं मिळून पोस्ट टाकू. असो. आपलं आपल्यापाशी.

पुढची यादी झपाट्याने घेतो, कारण ती मोठी आहे आणि याद्या वाचायला तुम्ही ऑफिसात जाताच. १९७९ मध्ये चापेकर बंधूंवरचा '२२ जून १८९७'. ऐंशीच्या दशकात अरुण साधूंचं 'पडघम', विद्यार्थी चळवळीचा दणदणाट. जब्बार पटेलांबरोबर 'एक होता विदूषक' आणि 'मुक्ता', दोन्हींची गाणी ना. धों. महानोरांची. यातला 'विदूषक' (१९९२) नीट ऐकाच. पटकथा पु. लं.ची, कवी शेतीमातीतला, नायक तमाशातला, नट विनोदी सिनेमांचा सुपरस्टार, संगीतकार पुण्यातला बँकवाला. कागदावर ही खिचडी वाटते. पडद्यावर लावणी लावणीसारखी लागते, गवळण गवळणीसारखी, आणि महानोरांची ओळ मध्येच अशी हिरवीगार होऊन येते की आपण सिनेमा बघतोय हे विसरायला होतं.

पण मला थांबायचंय 'कळत नकळत'पाशी. १९८९ चा सिनेमा, निर्माती स्मिता तळवलकर, दिग्दर्शक कांचन नायक, गाणी सुधीर मोघ्यांची. त्यातलं ते रागावलेल्या छोटीचं गाणं आठवा. हमखास हुकमी प्लेबॅक सिंगर बोलवायचा रिवाज असताना ते गाणं अशोक सराफांनी गायलंय. ते गायक नाहीत, हे त्यांनाही माहीत आणि आपल्यालाही. पण चाल अशी बेतली आहे की गायकाची गरजच पडू नये. ताना नाहीत, दम लागावा असे लांबलचक सूर नाहीत. बोलता बोलता माणूस गुणगुणायला लागतो तेवढीच तिची उंची. शब्दांमध्ये जागा आहेत, तिथे नटाने डोळे मिचकवावेत, पोरीला गुदगुल्या कराव्यात. सुरेल गायकाने ते म्हटलं असतं तर एक छान बालगीत झालं असतं, इतकंच. सराफांनी म्हटल्यामुळे घरात कोणीतरी आपली समजूत काढतंय असं वाटतं. मी लहानपणी रुसलो की आमच्या घरी तेच सुरू व्हायचं. तेव्हा संगीतकार नावाची काही चीज असते हे कोणाच्या गावी नव्हतं.

नेमकी हीच मोडकांची अडचण झाली असावी. त्यांची अशी 'स्टाईल' सांगता येत नाही. चार सेकंदांचा इंट्रो ऐकून आपण पंचम ओळखतो, रहमान ओळखतो, अजय-अतुलचा ढोल तर पार्किंगमधून ओळखू येतो. मोडक ओळखू येत नाहीत. कारण 'महानिर्वाण'मध्ये ते कीर्तनकार असतात, 'विदूषक'मध्ये फडावरचे, 'चौकट राजा'त निरागस, आणि 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'त (२००९, परेश मोकाशी) तर संगीत फाळक्यांच्या मागे मागे खोडकर पोरासारखं उड्या मारत धावतं. प्रत्येक वेळी समोरच्याचं काम काय मागतंय ते बघायचं आणि तसं व्हायचं. हा गुण आहे, पण याची किंमतही रोकडी आहे. ज्याची स्टाईल नाही त्याची ब्रँड व्हॅल्यू नाही. त्याच्या नावाचं पॅकेज करून विकणं अवघड.

त्यातही सिनेमाची गाणी निदान सापडतात. आपल्या अॅपवर गायकाचं नाव ठळक येतं, संगीतकार शोधायला तीन टिचक्या माराव्या लागतात, पण सापडतो. नाटकाच्या संगीताचं काय? ते प्रयोगाबरोबर जन्माला येतं आणि पडदा पडला की घरी जातं. पुन्हा ऐकायचं तर पुन्हा प्रयोग लागावा लागतो, आणि गाणारी माणसं तीच राहत नाहीत. माणसाने आपल्या उमेदीची उत्तम वर्षं अशा ठिकाणी घालवायची जिथे रिप्लेचं बटणच नाही? मी हा प्रश्न स्वतःला विचारून बघितला. माझं उत्तर प्रामाणिकपणे 'नको रे बाबा' असंच आहे. म्हणून मोडकांचं उत्तर मला जास्त मोठं वाटतं.

तिसरी आघाडी कवितांची. चंद्रकांत काळे, माधुरी पुरंदरे आणि मोडक यांनी मिळून 'अमृतगाथा', 'प्रीतरंग', 'साजणवेळा' असे कार्यक्रम केले. पहिला संतांच्या रचनांचा. 'साजणवेळा' ग्रेस यांच्या कवितांचा, त्यात मुकुंद फणसळकरही होते. ग्रेसची कविता कळते असं छातीठोक सांगणारा माणूस मला अजून भेटायचाय. तिला चाल लावायची म्हणजे धुक्याला कपडे शिवायचे. पण मोडक अर्थ समजावून सांगायच्या भानगडीत पडत नाहीत. ते कवितेतल्या संध्याकाळीचा मूड धरतात आणि अर्थाचं तुमचं तुम्ही बघा म्हणतात. हेडफोन लावून, रात्री, दिवा बंद. ट्राय करा.

आता माणसं तीच-तीच येतायत हे लक्षात आलं का? काळे 'महानिर्वाण'मध्ये, काळे 'साजणवेळा'त. महानोर दोनदा, जब्बार पटेल पुन्हा पुन्हा, मोघे आणि तळवलकर 'कळत नकळत'मध्येही आणि 'चौकट राजा'तही. याला नेटवर्किंग म्हणत नाहीत. एकमेकांची वाईट चाल, फसलेली ओळ, चुकलेली एन्ट्री तोंडावर सांगता येईल इतकी जुनी दोस्ती लागते त्याला. ती कॉन्फरन्समध्ये व्हिजिटिंग कार्ड देऊन होत नाही. चहाच्या टपरीवर, तालमीनंतर, शेवटची बस चुकवून होते.

२०१४ हे साल या गटावर फार वाईट आलं. १४ मार्चला जब्बार पटेलांचा यशवंतराव चव्हाणांवरचा सिनेमा लागला. संगीत मोडकांचं, गीतं महानोरांची. दुसऱ्याच दिवशी सुधीर मोघे गेले. २३ मेला मोडक गेले, वय त्रेसष्ट. ऑगस्टमध्ये स्मिता तळवलकर. पाच महिन्यांत 'चौकट राजा'ची निर्माती, कवी आणि संगीतकार तिघंही नाहीत. महानोर २०२३ मध्ये गेले.

आमच्या टीममध्ये एक गिटारवाला आहे. चांगला वाजवतो. गेली तीन वर्षं तो 'जॉब सोडू का' या प्रश्नावर स्वतःचा सोलो अल्बम अडवून बसलाय. त्याला मी लंचमध्ये हे सगळं ऐकवलं. डबा संपेपर्यंत त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ठीक आहे यार, पण शेवटी नाव कोणाचं झालं?" मी गप्प बसलो. प्रश्न चुकीचा नव्हता.

मंगळवारी त्याचा मेसेज आला. कोणत्यातरी ग्रुपने एकांकिकेला म्युझिक करायला बोलावलंय. पैसे नाहीत, जाण्यायेण्याचं पेट्रोल पण नाही, आणि लाइव्ह वाजवायचं म्हणजे रोज तालमीला बसायचं. तालीम संध्याकाळी सातला, कोथरूडला. म्हणजे हिंजवडीतून साडेपाचला निघायला हवं, नाहीतर ट्रॅफिकमध्येच दुसरा अंक संपेल. एकांकिकेला दुसरा अंक नसतो, हे मी त्याला कळवलंय. बॉसशी बोलणी चालू आहेत.