वेदनेची साक्ष

दाढ काढून घरी आलेला माणूस गाल धरून बसतो आणि दोन-तीन तासांनी भूल उतरू लागली की त्याला चिठ्ठीतील गोळीची आठवण होते. ती गोळी कोणती असावी, हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटतो. दंतवैद्याने काही लिहून दिलेले असते. चिठ्ठी हरवली तर कोपऱ्यावरचा औषधविक्रेता एखादी पट्टी पुढे सरकवतो. शेजारीपाजारी तर न विचारताच सल्ला देतात. प्रत्येकाची एक आवडती गोळी असते आणि तिच्याइतके गुणकारी दुसरे काही नाही, अशी त्याची खात्री असते. ही खात्री बहुधा अनुभवावर आधारलेली असते, पुराव्यावर नव्हे. या दोहोंत किती अंतर आहे, हे गेल्या अर्धशतकात अक्कलदाढ काढण्याच्या साध्या शस्त्रक्रियेने दाखवून दिले आहे.

वेदनेची मोठी अडचण ही की, ती मोजता येत नाही. तापासाठी तापमापक आहे, रक्तदाबासाठी यंत्र आहे; वेदनेसाठी मात्र रुग्णाच्या शब्दावाचून दुसरे साधन नाही. ज्याचे जळते त्याला कळते, ही म्हण येथे अक्षरशः खरी आहे. त्यातच रुग्णाचा शब्दही फसवा असू शकतो. औषध घेतले या भावनेनेच अनेकांना बरे वाटू लागते. अमेरिकेतील हेन्री बीचर या भूलतज्ज्ञाने १९५५ साली या परिणामाकडे वैद्यकविश्वाचे लक्ष वेधले. शिवाय बहुतेक दुखणी आपोआपच ओसरतात आणि श्रेय मात्र शेवटी घेतलेल्या गोळीला मिळते. तेव्हा ‘मला गुण आला’ या विधानाला पुरावा म्हणून फारशी किंमत उरत नाही.

या पेचातून मार्ग काढला तो दंतशस्त्रक्रियेने. १९७६ साली स्टीफन कूपर आणि विल्यम बीव्हर यांनी दाढ काढल्यानंतरच्या वेदनेवर वेदनाशामकांची कसोटी घेण्याची पद्धत मांडली. अक्कलदाढा काढून घेणारे लोक बहुधा तरुण आणि अन्यथा निरोगी असतात. शस्त्रक्रिया सर्वत्र जवळजवळ एकसारखी असते. आणि भूल उतरली की वेदना ठरल्याप्रमाणे येते. वेदना मध्यम वा तीव्र झाली की रुग्णाला गोळी दिली जाते. ती खऱ्या औषधाची आहे की नुसत्या निरुपद्रवी भुकटीची, हे रुग्णालाही ठाऊक नसते आणि नोंद करणाऱ्यालाही नसते. कोणाला काय मिळणार, हे केवळ यदृच्छेने ठरते. पुढे काही तास वेदना किती आणि आराम किती, याची नोंद होते. आराम प्रथम जाणवला तो क्षण टिपण्यासाठी रुग्णाच्या हाती घड्याळही दिले जाते.

वेदनेने कळवळणाऱ्या माणसाच्या हाती खोटी गोळी ठेवणे कितपत नीतीचे आहे, असा आक्षेप कोणी घेतला तर तो रास्तच म्हणावा लागेल. त्याचे उत्तर तीन अटींत आहे. रुग्णाला सर्व काही आधी समजावून सांगून त्याची संमती घेतली पाहिजे. वेदना सोसवेनाशी होताच दुसरे, खात्रीचे औषध त्याला मिळाले पाहिजे. आणि ज्या ज्ञानासाठी त्याने ते तास सोसले, ते ज्ञान जगापुढे आले पाहिजे. पहिल्या दोन अटी आता बहुतेक ठिकाणी पाळल्या जातात. तिसरीच्या बाबतीत अजूनही हयगय होते. पसंतीचे निष्कर्ष छापायचे आणि नापसंत कपाटात ठेवायचे, हा त्या रुग्णाशी केलेला द्रोह होय.

या कसोट्यांतून निघालेले निष्कर्ष अनेक रूढ समजुतींना धक्का देणारे आहेत. शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेवर एकाच मात्रेचा काय परिणाम होतो, यासंबंधीच्या सुमारे ५० हजार रुग्णांच्या नोंदींचा एकत्रित आढावा कॉक्रेन या संस्थेने २०१५ साली प्रसिद्ध केला. त्यातील पुष्कळशा चाचण्या अक्कलदाढेच्याच होत्या. खोट्या गोळीने मिळाला नसता असा ठोस आराम एका रुग्णाला मिळावा, यासाठी किती जणांना औषध द्यावे लागते, हे त्यात मोजले आहे. आकडा जितका लहान, तितके औषध प्रभावी. ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेनसाठी हा आकडा सुमारे अडीच आला, १००० मिलिग्रॅम पॅरासिटामॉलसाठी साडेतीनच्या थोडा वर, ॲस्पिरिनच्या दोन नेहमीच्या गोळ्यांसाठी चारच्या किंचित पुढे. अफूपासून मिळणाऱ्या आणि ‘जबर’ समजल्या जाणाऱ्या कोडीनच्या ६० मिलिग्रॅम मात्रेसाठी तो सुमारे १२ होता! उलट २०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन आणि ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल एकत्र दिल्यास तो दोनच्याही खाली उतरला. २०२५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या, १८०० हून अधिक रुग्णांच्या चाचणीने याला दुजोराच दिला. अक्कलदाढ काढल्यावर आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल घेणाऱ्यांना अफूवर्गीय हायड्रोकोडोनयुक्त गोळी घेणाऱ्यांपेक्षा अधिक आराम वाटला. अफूवर्गीय औषधांच्या व्यसनाने ज्या देशात असंख्य घरे उद्ध्वस्त झाली, तेथे ही माहिती केवळ दंतवैद्यकापुरती राहत नाही.

तथापि या कसोटीची मर्यादाही ओळखली पाहिजे. सहा-आठ तासांच्या निरीक्षणात औषधाचा गुण दिसतो, अवगुण क्वचितच. रोफेकॉक्सिब हे औषध दाढेच्या वेदनेच्या चाचण्यांत उत्तम उतरले होते; १९९९ साली अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली आणि हृदयविकाराचा धोका वाढतो असे दीर्घकालीन अभ्यासात आढळल्यावर २००४ साली ते बाजारातून मागे घ्यावे लागले. आयबुप्रोफेनही जठराचे व्रण, मूत्रपिंडाचे विकार किंवा गरोदरपणाचे शेवटचे महिने अशा स्थितीत वर्ज्य ठरते. पॅरासिटामॉलची मात्रा ओलांडली तर यकृतावर आघात होतो. तेव्हा गोळी स्वस्त आणि जुनी म्हणून ती मुठीने खावी, असा या निष्कर्षांचा अर्थ कोणी काढू नये.

आपल्याकडील चित्र कसे आहे? एका गोळीत दोन-तीन औषधे कोंबण्याची हौस आपल्या बाजाराला फार. दोन औषधांचा संयोग मुळातच वाईट असतो असे नव्हे. वर सांगितलेला संयोग कसोटीला उतरलेला आहे. प्रश्न आहे तो कसोटीचा. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारने १५६ संयुक्त औषधांवर बंदी घातली. त्यांत ५० मिलिग्रॅम ॲसिक्लोफेनॅक आणि १२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल यांची एक वेदनाशामक गोळीही होती. बंदी आली ती योग्यच. पण जी गोळी उपचाराच्या दृष्टीने असमर्थनीय ठरते, ती मुळात विकली कशी गेली, हा प्रश्न उरतोच. दाढेच्या सुजेवर आपल्याकडे सर्रास दिल्या जाणाऱ्या सेराशिओपेप्टिडेसची कथाही बोधप्रद आहे. ज्या जपानमध्ये या औषधाचा उगम झाला, तेथे खोट्या गोळीशी तुलना करता त्याचा वेगळा गुण सिद्ध झाला नाही, म्हणून उत्पादक कंपनीनेच २०११ साली ते परत घेतले. आपल्या चिठ्ठ्यांवरून मात्र ते हटलेले नाही. अशा मिश्रणांमुळे दुसराही धोका संभवतो. दोन वेगळ्या नावांच्या गोळ्यांत पॅरासिटामॉलच आहे हे रुग्णाला कळत नाही आणि तो नकळत दुप्पट मात्रा घेतो.

यावर उपाय काय? स्वस्त आणि जुन्या औषधांची तुलना करण्यात कोणत्याही कंपनीला स्वारस्य नसते, कारण त्यातून नफा निघत नाही. म्हणूनच ते काम सार्वजनिक पैशाने झाले पाहिजे. सरकारी दंतमहाविद्यालयांत दाढ काढून घेणाऱ्यांची रीघ असते. तेथे काटेकोर तुलनात्मक चाचण्या घेणे अशक्य नाही. अशा चाचण्यांची नोंद करण्यासाठी २००७ पासून राष्ट्रीय नोंदवही आहे आणि २००९ पासून ती नोंद सक्तीची आहे. मात्र नोंद झाली म्हणजे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, असे नव्हे. निष्कर्ष अनुकूल असोत वा प्रतिकूल, ते ठराविक मुदतीत जाहीर करण्याचे बंधन हवे. प्रत्येक दंतचिकित्सालयात कोणते औषध, किती मात्रेत आणि कोणी घेऊ नये, याचा मराठीतील साधा तक्ता लावण्यास तर फारसा खर्चही नाही.

वेदनेला यंत्र साक्षी नाही. तिचा साक्षीदार तो वेदना भोगणारा माणूसच. हजारो अनोळखी माणसांनी सुजलेल्या गालाने आणि हातात घड्याळ धरून ही साक्ष दिलेली आहे. ती नोंदवून घेतली गेली, तपासली गेली आणि ग्राह्यही ठरली. आता चिठ्ठी लिहिणाऱ्यांनी आणि औषधांना परवाने देणाऱ्यांनी ती ऐकली नाही, तर त्या माणसांचे सोसणे व्यर्थ गेले असेच म्हणावे लागेल.