दुसऱ्या बाळंतपणाची धास्ती

पहिल्या बाळंतपणात जिवावर बेतलेली बाई दुसऱ्या खेपेला धास्तावते, तेव्हा ‘बायकांच्या जातीला हे चुकलंय का?’ म्हणत आपण तिला गप्प करतो. (असं म्हणणाऱ्यांत बायकाही कमी नसतात.) या धास्तीला मानसोपचारात २००० सालापासून ‘टोकोफोबिया’ हे नाव आहे, तो भित्रेपणा नव्हे. या धास्तीवर उपाय म्हणून सरसकट सिझेरियन सुचवणं मला घाईचं वाटतं. काहींना ते हवं असेल, त्यांचं ऐकावंच. पण आधी मागच्या वेळी नेमकं काय घडलं, हे जुनी कागदपत्रं समोर ठेवून डॉक्टरांनी तिला उलगडून सांगावं. दुसरी गोष्ट सोबतीची. पंधरा हजारांहून अधिक स्त्रियांवरील चाचण्यांचा कॉक्रेन या संस्थेचा २०१७चा आढावा सांगतो, की प्रसूतीत अखंड सोबत मिळालेल्यांत सिझेरियन कमी आणि कटू अनुभवही कमी. केंद्र सरकारने २०१६ मध्येच सरकारी रुग्णालयांत अशा सोबतिणीला मुभा दिली. पुण्यातल्या ससून किंवा कमला नेहरूसारख्या गजबजलेल्या रुग्णालयांत हे जमेल कसं, हा आक्षेप खोटा नाही. अडचण मुख्यतः इतर बायकांच्या आडोशाची आहे, आणि दोन खाटांमधला पडदा काही महागडं यंत्र नव्हे.