अज्जांच्या खुर्चीला नवे कुशन

दसरा-दिवाळी जवळ आली, की बैठकीच्या खोलीतल्या जुन्या खुर्च्या डोळ्यांत भरू लागतात. कापड विटलेले, बैठक खोल गेलेली. ‘टाकून द्या, नवीन घेऊ,’ असा मुलांचा धोशा सुरू होतो. मैत्रिणींनो, निर्णय घेण्याआधी खुर्ची उलटी करून पाहा. सांधे हलवून बघा. लाकडाला बारीक भोके आहेत का, खाली भुकटी पडते का, ते तपासा. सागवान किंवा शिसवी लाकूड असेल आणि कुशनवाल्यांनी हात फिरवून ‘गट्टी ऐति’ म्हटले, तर ती खुर्ची बिनधास्त दुरुस्तीला द्या. सांगाडाच भुसभुशीत झाला असेल, तर मात्र वरच्या भारी कापडावर खर्च करू नका.

कारागीर ठरवताना सगळ्याचा मिळून एकच आकडा घेऊ नका. मजुरी, फोम, कापड आणि पॉलिश यांचे पैसे वेगवेगळे लिहून घ्या. जुने कापड काढल्याशिवाय आतल्या स्प्रिंगा, पट्ट्या आणि तरट यांची अवस्था कळत नाही. म्हणून ‘उघडल्यावर आम्हाला दाखवा, मग पक्का दर सांगा,’ असे आधीच ठरवावे. त्यात कारागिराचेही नुकसान होत नाही. पॉलिश करायचे असेल, तर ते कापड चढवण्याआधी.

कापड किती मीटर लागेल ते त्यांनाच विचारा आणि मगच खडेबाजारात जा. पन्हा किती, यावर मीटर ठरतात. मोठी नक्षी जुळवायची असेल, तर कापड जास्त लागते.

आता फोम. ‘४० डेन्सिटी’ म्हणजे एक घनमीटर फोमचे वजन साधारण ४० किलो. त्यावरून टिकाऊपणाचा अंदाज येतो. बैठक मऊ की कडक, ते वेगळे विचारावे लागते. हाताने दाबून न पाहता नमुन्यावर बसून पाहा.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्या खुर्चीवर रोज कोण बसते? बहुधा अज्जा किंवा अज्जी. जुना काथ्या दबून बैठक खाली गेलेली असते. त्यावर जाड फोम आला, की खुर्ची दिसायला झोकदार होते, पण अज्जांचे पाय अधांतरी राहतात. फोम फारच मऊ असेल, तर ते आत रुततात आणि उठताना कुणाला तरी हाक मारावी लागते. जो माणूस काल आपला आपण उठत होता, त्याला आज हात द्यावा लागला, तर ती दुरुस्ती कसली? म्हणून टाचेपासून गुडघ्याच्या मागच्या वळणापर्यंतचे त्यांचे माप घ्या आणि कारागिराला सांगा, ‘बसल्यावर बैठक एवढीच उंच राहू दे.’ हातांचे दांडे आहेत तसेच ठेवा. उठताना आधार त्यांचाच असतो.

खुर्ची तयार झाली, की शेवटचे पैसे देण्याआधी अज्जांना तिच्यावर बसवा. पाय जमिनीला टेकले, आणि ते आपले आपण उठले, तर काम चोख झाले समजा. मग ठरलेल्या मजुरीत घासाघीस करू नका.